हरभऱ्याच्या रानातला काळवीट: छायाचित्र कसे घ्यावे

मोठ्या वन्यप्राण्यांचे छायाचित्र घेण्यासाठी मराठवाड्यातील माणसाने ताडोबाच गाठले पाहिजे असे नाही. १९८६ साली जाहीर झालेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य आपल्याकडे आहे आणि तेथे जाताना वनविभागाची परवानगी लागते. परंतु काळवीट आणि रोही, म्हणजे पुस्तकातली नीलगाय, आपल्याकडे गायरानात, पडीक माळावर आणि हरभऱ्याच्या रानातही दिसतात. त्यामुळे पहिली परवानगी शेतकऱ्याची घ्यावी. हरणांनी ज्याचे पीक खाल्ले आहे, त्याला ती ‘सुंदर’ वाटावीत अशी अपेक्षा करू नये.

जानेवारीत तूर निघाल्यावर राने मोकळी होतात आणि नजर लांबवर पोहोचते. उन्हाळ्यात मात्र सकाळी नऊनंतर काळ्या जमिनीवरून उठणारी वाफ दूरच्या प्राण्याची कड पुसून टाकते आणि मग कितीही महागडे लेन्स असले तरी चित्र पाण्यातून काढल्यासारखे येते. म्हणून उजाडण्यापूर्वीच जागेवर बसावे.

जागा निवडताना कळप शोधत हिंडण्यापेक्षा जमीन पाहावी. काळवीटाचा नर आपला इलाखा राखतो आणि ठरावीक ठिकाणी लेंड्या टाकतो. अशा ढिगावर ताज्या, ओलसर लेंड्या दिसल्या तर तो तेथे पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते. त्या ढिगापासून साठ-सत्तर मीटरवर, वारा प्राण्याकडून आपल्याकडे येईल अशा बेताने, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, आडोशाला बसावे. मातकट रंगाचे कपडे घालावेत. सुरुवातीच्या काळात मी मोटारसायकलवरून एका कळपाच्या मागे गेलो होतो. कळप थेट शेजारच्या हरभऱ्यात घुसला, माझ्या हाती पळणाऱ्या पाठींची धूसर चित्रे आली आणि शेतकऱ्याचे बोलणे मान खाली घालून ऐकावे लागले. ते त्याने बोलायलाच हवे होते.

फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटरचे लेन्स असेल तर साठ मीटरवर चौकटीत साधारण साडेपाच मीटर रुंदीचा पट्टा मावतो. काळवीट आणि त्याच्याभोवतीचे थोडे रान यांना तेवढा पुरतो. काळवीट खांद्याशी जेमतेम अडीच फूट उंच असल्यामुळे उभ्याने घेतलेल्या चित्रात तो जमिनीला चिकटल्यासारखा दिसतो. त्याच्यासाठी मांडी घालून किंवा पालथे पडून, कॅमेरा मातीने भरलेल्या पिशवीवर टेकवावा. रोह्याचा नर मात्र खांद्याशीच चार-साडेचार फूट भरतो, त्यामुळे त्याच्यासाठी झोपण्याची गरज नाही.

खरी परीक्षा काळ्या रानात उभ्या असलेल्या काळ्या नराची. कॅमेरा त्या काळेपणाला करडे करू पाहतो आणि पोटाचा पांढरा भाग जळून जातो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश, सुमारे पाऊण स्टॉप कमी ठेवावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). तोच नर वाळलेल्या, उजळ गवतात आला की उलट करावे. उभ्या प्राण्यासाठी १/५०० सेकंदाचा शटर वेग पुरतो. कळप दचकला तर मात्र उंच उड्या मारत पळतो आणि त्यासाठी १/२००० सेकंद लागतो. हा बदल घाईत करायचा नसतो, त्यासाठी आधीच एक बटण नेमून ठेवावे. फोकस डोळ्यावर असावा, शिंगांच्या पिळावर नाही.

माद्यांनी माना वर करून एकाच दिशेला पाहिले, की आपण हललो असे समजावे आणि त्या पुन्हा चरू लागेपर्यंत बोटही उचलू नये. शीळ घालून, खडा मारून प्राण्याची मान वळवणे हा फार जुना आणि फार वाईट प्रकार आहे. माद्यांसोबत पाडस असेल तर मागे सरकावे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत काळवीट आहे, तरी चोरटी शिकार थांबलेली नाही. म्हणून चित्र कोणाला पाठवण्यापूर्वी त्याच्या फाइलमधली ठिकाणाची (जीपीएस) नोंद काढून टाकावी आणि खाली गावाचे किंवा पाणवठ्याचे नाव न देता केवळ जिल्हा लिहावा.