लुगड्यातली आजी: कापडी बाहुली घडवण्याची रीत

लहानपणी ज्या आजीच्या, आत्याच्या किंवा मावशीच्या अवतीभवती आपण वाढलो, तिची कापडी बाहुली करायची असेल, तर सुरुवात चेहऱ्यापासून करू नये. अंगठ्याएवढ्या चेहऱ्यावर नाकडोळे हुबेहूब उतरत नाहीत. माणूस ओळखू येते ते बसण्याच्या ढबीवरून, मान कलती ठेवण्याच्या सवयीवरून आणि लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून. म्हणून कात्री हातात घेण्यापूर्वी तिची एकच ढब पक्की करावी. विळीवर नारळ खवणारी आजी घ्यायची असेल, तर एक पाय विळीच्या पाटावर आणि त्याच पायाचा गुडघा छातीजवळ, दुसरा पाय दुमडून जमिनीला टेकलेला, दोन्ही हातांत नारळाची कवड आणि नजर खाली, एवढे साधले की घरातले कोणीही नाव न सांगता तिला ओळखते.

उभी बाहुली साधारण १२ इंचांची धरावी. अंगासाठी मांजरपाट किंवा धुवून मऊ झालेले जुने सुती कापड चहाच्या अथवा काताच्या पाण्यात बुडवून वर्णाला जुळवून घ्यावे. वाळल्यावर रंग फिकटतो, तेव्हा आधी चिंधीवर पाहणे बरे. धड, हात आणि पाय वेगवेगळे बेतून उलट्या बाजूने बारीक टीप मारावी, उलटवावे आणि भरावे. सावरीचा कापूस कोकणात सहज मिळतो व अंगाला गुबगुबीतपणा देतो, पण मानेत मात्र चिंध्या ठासूनच भराव्यात, नाहीतर डोके लोंबते. ढब टिकवण्यासाठी हातापायांत तार घालावी लागते. साधी लोखंडी तार दमट हवेत गंजून कापडावर डाग पाडते, म्हणून प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली तांब्याची विजेची तार घ्यावी व तिची टोके वळवून चिंधीने गुंडाळावीत. बाहुली लहान मुलाच्या हाती द्यायची असेल, तर तार आणि मणी दोन्ही वगळावेत.

खरे कौशल्य लुगड्यात आहे. ५ फूट उंचीच्या बाईच्या मानाने १२ इंचांची बाहुली पाचपट लहान असते. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, त्याचा पाचवा हिस्सा सुमारे ६५ इंच. हिशोब बरोबर असला तरी तेवढे कापड नेसवू नये, कारण लांबी लहान झाली तरी कापडाची जाडी तेवढीच राहते आणि निऱ्यांचा गठ्ठा होऊन आजीचे पोट सुटल्यासारखे दिसते. माझ्या मते ४० ते ४५ इंच पुरतात. पन्हा ९ इंचांचा ठेवावा. तिच्याच जुन्या लुगड्याचा विरलेला भाग मिळाला तर त्याहून उत्तम काही नाही, कारण ते कापड पातळ असते आणि हवे तसे पडते. काठ मात्र अरुंद हवा, म्हणून चोळीच्या खणाची पट्टी कापून लावावी. पोटावर गाठ मारून निऱ्या घालाव्यात, काष्टा मागे घट्ट खोचावा आणि पदर शेवटी घ्यावा. पदर डोक्यावरून घेत असे की कमरेला खोचत असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मगच टाके घालावेत. ही चौकशी टाळू नये, कारण बाहुलीत जीव येतो तो इथेच.

केसांसाठी काळा आणि पांढरा भरतकामाचा दोरा मिसळून घ्यावा, अंबाडा मागे खाली बांधावा आणि त्यावर फिकट केशरी दोऱ्याच्या गाठींचा आबोलीचा वळेसर माळावा. मावशी वेंगुर्ल्याकडची असेल, तर पिवळट गाठींची सुरंगी शोभते. डोळ्यांना दोन टाके, कपाळाला कुंकवाची एक गाठ, ओठांना एक आडवा टाका, एवढे पुरे. विळीसाठी लाकडाची चपटी पट्टी व पत्र्याची बोथट केलेली कड चालते. सूप, जाते अशी लहान लाकडी भांडी सावंतवाडीच्या चितारआळीतल्या भातुकलीत मिळतात.

हे काम पावसाळ्यात करू नये. सावरीचा कापूस भरण्यापूर्वी कडक उन्हात चांगला तापवून घ्यावा, कारण आत ओल राहिली की पहिल्याच आषाढात बुरशी धरते. पावसाचे चार महिने बाहुली वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि आश्विनात ऊन पडले की सावलीच्या कडेला वारा द्यावा. थेट उन्हात लुगड्याचा रंग उडतो.