गृहपाठाच्या वेळेत घरातला मोबाईल कसा आवरावा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये या गावाने ठरवले, की संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला म्हणजे घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे आणि ते ८.३० वाजेपर्यंत तसेच ठेवायचे. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचन करायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. सांगली, मिरज, कराड किंवा साताऱ्याच्या एखाद्या सोसायटीत राहणाऱ्या कुटुंबासाठी कोणी भोंगा वाजवणार नाही. पण या पद्धतीतील बऱ्याच गोष्टी एका घरापुरत्याही लागू करता येतात.

प्रथम दोन-तीन दिवस कोणताही नियम न लावता फक्त निरीक्षण करावे. अभ्यासाला बसल्यापासून उठेपर्यंत मुलाने मोबाईल किती वेळा आणि कशासाठी घेतला, हे एका कागदावर टिपावे. साधारणपणे चार कारणे आढळतात: व्हॉट्सॲपवर आलेला गृहपाठ पाहणे, अडलेला शब्द किंवा गणित शोधणे, शिक्षकांनी पाठवलेला व्हिडिओ पाहणे आणि पूर्ण झालेल्या वहीचा फोटो पाठवणे. ही कामे खरीच असतात, म्हणून ‘मोबाईलला हात लावायचा नाही’ हा सरसकट हुकूम दोन दिवसही टिकत नाही. अडचण अशी, की या चार कामांच्या मधल्या फटींतून रील्स आणि गेम आत शिरतात. त्यामुळे मोबाईलचे काम अभ्यासाच्या सुरुवातीला आणि शेवटी उरकावे आणि मधला वेळ मोकळा ठेवावा. पुढील सर्व पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

त्यानंतर वेळ ठरवावी, आणि ती संपूर्ण घरासाठी असावी. मूल आतल्या खोलीत पाढे लिहीत असताना बाहेर वडील मोबाईलवर व्हिडिओ पाहत असतील, तर त्या नियमाला मुलांच्या लेखी काही किंमत राहत नाही. वडगावातही केवळ भोंगा पुरेसा ठरला नव्हता. अंगणवाडी सेविका, आशा सेविका आणि निवृत्त शिक्षक यांना सुरुवातीला घरोघर जाऊन लोकांना समजवावे लागले होते. घरात सर्वांत अवघड प्रश्न बहुधा आजीच्या मालिकेचा असतो. तिला हुकूम न सोडता, मालिकेचा भाग पुन्हा केव्हा दाखवतात ते पाहून तो बघायची सोय करून द्यावी, किंवा अभ्यासाची वेळच मालिकेच्या आधी घ्यावी. ज्यांना कारखान्यातून किंवा दवाखान्यातून केव्हाही बोलावणे येऊ शकते, त्यांनी मोबाईलची रिंग चालू ठेवून तो उंचावर ठेवावा आणि फोन आल्यास बाहेर जाऊन बोलावे.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी पालकांनी स्वतः वर्गाचा ग्रुप उघडावा आणि त्या दिवसाचा गृहपाठ मुलाकडून कागदावर उतरवून घ्यावा. पाठ्यपुस्तक शाळेत राहिले असेल, तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ विनामूल्य मिळतात. हवे ते पान आधीच उतरवून ठेवावे. अभ्यास चालू असताना जे अडेल ते लगेच शोधू न देता वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला सांगावे आणि शेवटच्या दहा मिनिटांत ते सर्व एकत्र बसून शोधावे. या यादीतील निम्म्या शंका पुस्तकाचे मागचे पान उलटल्यावर आपोआप सुटतात, असा बहुतेक पालकांना अनुभव येईल. शिक्षकांचा संदेश रात्री उशिरा येत असेल, तर तो वेळेआधी देण्याची विनंती पालकसभेत करावी. तोपर्यंत उशिरा आलेला संदेश पालकांनीच पाहावा.

अभ्यासासाठीच स्क्रीन लागणार असेल, तर ती एका कामापुरती बांधून द्यावी. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरील धडा आधी डाउनलोड करून ठेवल्यास इंटरनेट बंद करूनही पाहता येतो. बहुतेक अँड्रॉइड मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या विभागात ‘ॲप पिनिंग’ ही सोय असते. ती सुरू करून, बाहेर पडताना पिन विचारण्याचा पर्यायही निवडला, तर मुलाला समोरचे एकच ॲप वापरता येते. आयफोनवर हेच काम ‘गाइडेड ॲक्सेस’ करते. मुलाच्या मोबाईल-वापरावर पालकांना नियंत्रण ठेवू देणाऱ्या गूगलच्या फॅमिली लिंक ॲपचे नाव पुष्कळदा सुचवले जाते आणि ते उपयुक्तही आहे, परंतु त्यासाठी मुलाचे स्वतंत्र खाते आणि शक्यतो स्वतंत्र उपकरण लागते. जिथे आईचाच मोबाईल मूल वापरते, तिथे पिनिंग अधिक कामाचे. मोबाईल बैठकीच्या खोलीत, सर्वांना दिसेल असा वापरावा.

लहान मुलांना वीस-पंचवीस मिनिटांनी आणि आठवी-नववीच्या मुलांना चाळीस मिनिटांनी थोडी विश्रांती द्यावी. पाणी पिणे, गच्चीवर एक फेरी, एवढे पुरे. या पाच मिनिटांत मोबाईल हाती दिला, तर ती पाच मिनिटे राहत नाहीत.

‘अभ्यास संपला की मोबाईल मिळेल’ हे आश्वासन मात्र देऊ नये. ते सोयीचे वाटते, परंतु मूल गृहपाठ उरकू लागते, अक्षर बिघडते आणि उत्तरे निम्म्यावर सुटतात. वडगावच्या पद्धतीत कोणाचा गृहपाठ संपला हे पाहिले जात नाही, ८.३० वाजले की वेळ संपते. घरातही तसेच ठेवावे. लवकर संपले, तर उरलेल्या वेळात गोष्टीचे पुस्तक वाचावे किंवा उद्याचे दप्तर भरावे. करमणुकीच्या स्क्रीनची वेळ वेगळी ठरवावी. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास आणि ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी २ तासांपेक्षा कमी अशी मर्यादा सुचवली आहे. ती विचारात घ्यावी.

पहिल्या आठवड्यात रडारड आणि रुसवेफुगवे होतील. चालू असलेला मोबाईल हिसकावून घेऊ नये. पाच मिनिटे आधी सूचना द्यावी आणि वेळ झाल्यावर मुलानेच तो ठरलेल्या जागी नेऊन ठेवावा. नववी-दहावीच्या मुलांशी नियम एकत्र बसून ठरवावेत, कारण लादलेल्या नियमाला पळवाट शोधणे त्यांना सहज जमते. मित्राला शंका विचारायची असल्यास साधा फोन करून बोलण्याची मुभा त्यांना असावी. चॅटची मात्र नसावी.

गणेशोत्सवात आरतीमुळे किंवा गावच्या यात्रेमुळे नेहमीची वेळ पाळता येत नाही. अशा वेळी ती पुढे-मागे करावी, मात्र तो निर्णय आदल्या दिवशीच सर्वांना सांगावा. ऐनवेळी बदल करू नये.