रक्त गोठण्याच्या तपासण्या: निळ्या ट्यूबच्या या चुका टाळा

पीटी किंवा एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या तपासण्या, यांचा रिपोर्ट लांबलेला आला की सगळे आधी रुग्णाचं यकृत, चालू गोळ्या, घराण्यातले आजार यांकडे वळतात. मी आधी ट्यूब हातात घेते. रक्त गोठवणारी प्रथिनं, म्हणजे आपले क्लॉटिंग फॅक्टर, फार नाजूक असतात आणि सँपल घेताना झालेली हयगय मशीनला कळत नाही. ते आकडा देऊन मोकळं होतं.

रोज दिसणारी चूक म्हणजे अर्धवट भरलेली ट्यूब. निळ्या झाकणाखाली ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं आणि प्रमाण ठरलेलं आहे, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त ट्यूबमध्ये गोठत नाही, आणि तपासणी करताना आपण कॅल्शियम परत घालतो. रक्त कमी असेल तर जास्तीचं सायट्रेट तेही धरून ठेवतं आणि वेळ उगाच लांबते. "शीर मिळत नव्हती, एवढ्यावर भागवा" हे मी ऐकून घेते, पण भागवत नाही. खुणेच्या ९० टक्क्यांखालची ट्यूब परत जाते. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५५ टक्क्यांच्या वर असेल तर मात्र पूर्ण भरलेली ट्यूबही फसवते, कारण प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ भागच, कमी असतो. तिथे सायट्रेट हिशेबाने कमी करून वेगळी ट्यूब पाठवायची.

दुसरी चूक याच धाकातून होते आणि तिची मला खरी चीड आहे. निळी ट्यूब खुणेपर्यंत दिसावी म्हणून जांभळ्या ट्यूबमधलं रक्त तिच्यात ओतणं. टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी एका लहान मुलाचं सँपल आलं होतं. पीटी लांब, एपीटीटी लांब. फॅक्टर पाच आणि आठ तपासले, दोन्ही कमी. हे दोन्ही एकत्र कमी असण्याचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार खरोखर आहे, त्यामुळे ऑपरेशन थांबलं आणि आईवडिलांना तसं सांगूनही झालं. मुलाला कधी साधा घोळणा फुटलेला नव्हता, हे मला खटकलं. त्याच प्लाझ्मातलं पोटॅशियम तपासलं तर जिवंत माणसात असूच शकणार नाही इतकं निघालं. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए पोटॅशियमचा क्षार असतं आणि सायट्रेटपेक्षा घट्टपणे कॅल्शियम पकडतं. ताजं सँपल घेतलं, सगळं नॉर्मल. त्या आईने ती रात्र कशी काढली असेल! सँपल कमी पडलं तर दुसऱ्यांदा सुई टोचा, मूल रडेल. पण ओतू नका.

ट्यूब भरल्यावर तीन-चार वेळा हळुवार उलटीसुलटी करा, खळखळ हलवू नका. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) सोडलेल्या लाइनमधून शक्यतो रक्त घेऊच नका. बटरफ्लाय सुई असेल तर आधी एक ट्यूब टाकून द्या, नाहीतर नळीतल्या हवेने निळी ट्यूब अपुरी भरते. गुठळी दिसली तर ती काढून उरलेलं रक्त मशीनला लावू नका, फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून गुठळी बनते ते प्रथिन, गुठळीतच खर्च झालेलं असतं. मी प्रत्येक निळी ट्यूब काडी फिरवून बघते, घाई असली तरी.

आणि फ्रिज! सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेलं, म्हणजे प्लाझ्मा वेगळा न केलेलं रक्त गार ठेवलं की फॅक्टर सात आपोआप जागा होऊ शकतो, फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रांड फॅक्टर घटतात. एपीटीटीचं सँपल खोलीच्या तापमानाला ठेवून चार तासांत लावा. जमणार नसेल तर प्लाझ्मा वेगळा करून फ्रीझरमध्ये गोठवा आणि वितळवताना ३७ अंशांच्या वॉटरबाथमध्येच.

सगळं नीट करून रिपोर्ट नॉर्मल आला, तरी रक्तस्रावाचा इतिहास असलेल्या रुग्णाला घरी पाठवायची घाई नको. फॅक्टर तेरा गुठळी झाल्यानंतर तिला पक्की करतो, आणि पीटी-एपीटीटीचं घड्याळ गुठळी झाली की थांबतं. नाळेतून रक्त वाहत राहिलेल्या बाळाचे हे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल असतील, तर फॅक्टर तेरा वेगळा मागवा.