ड्युटीचा तक्ता बघून जेवा: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी

पहिल्या वर्षात वजन वाढते ते मेसच्या जेवणाने, असे सगळ्यांनाच वाटते. पण मेसचा भात आणि पातळ हुमण (गोव्याचे खोबऱ्यातले माशाचे कालवण) दुसऱ्यांदा मागून घ्यावे इतके चवदार असते कुठे? वजन वाढवते ती साडेदहाची सुट्टी. सातला हॉस्टेल सोडताना पोटात एक कप चहा आणि दोन बिस्किटे. मग बेड मेकिंग, स्पंजिंग (पेशंटचे अंग पुसणे), टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणे), औषधांचा राउंड. कॅन्टीनमध्ये पोचेपर्यंत हातपाय गळलेले असतात, आणि तेव्हा समोर जे तळलेले दिसते तेच ताटलीत येते. एक सामोसा साधारण 250 कॅलरीचा, दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा 80 ते 100 कॅलरीचा. एवढे खाऊनही अडीचचे जेवण कमी होत नाही, हे खरे दुखणे.

रोज 150 कॅलरी जादा गेल्या तर महिन्याच्या 4500 झाल्या. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. कागदावर महिन्याला अर्धा किलोहून जास्तच. शरीर थोडे जुळवून घेते म्हणून प्रत्यक्षातली वाढ याहून कमी असते, पण युनिफॉर्मच्या कमरेला ती कळते. बेसिक बीएस्सी नर्सिंगची चार वर्षे आहेत, जीएनएम पदविकेची तीन. तेव्हा घड्याळ बघून नव्हे, ड्युटीचा तक्ता बघून जेवायची सवय पहिल्याच सेमिस्टरला लावून घ्या.

साडेदहाची पेज

गोव्यात दहा-अकराची वेळ मुळात पेजेची. शेतात राबणाऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली, आणि वॉर्डची सुट्टी नेमकी त्याच वेळी येते. उकड्या तांदळाची पेज फ्लास्कमधून नेणे हा यावरचा सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय आहे.

मूठभर, म्हणजे साधारण 40 ग्रॅम, उकडे तांदूळ रात्री भिजत घाला. सकाळी अर्धा लिटर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या द्या. लाल कोंड्याचे तांदूळ मिळाले तर उत्तम, पण ते शिजायला दोन शिट्ट्या जास्त लागतात. रुंद तोंडाचा फ्लास्क आधी उकळत्या पाण्याने भरून पाच मिनिटे ठेवा, ते पाणी ओता आणि मगच उकळती पेज भरा. ही पायरी गाळली की पेज साडेदहापर्यंत कोमट होते. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात बॅसिलस सेरियस हा पोट बिघडवणारा जंतू वाढतो. मायक्रोबायोलॉजीत हे नाव परीक्षेपुरते पाठ करतात आणि डब्यात विसरतात. फ्लास्क उघडल्यावर वाफ आली नाही तर पेज खाऊ नका.

या पेजेत सुमारे 140 कॅलरी असतात. नुसत्या पेजेवर दोन तासांत पुन्हा भूक लागते, कारण तिच्यात प्रथिने फार थोडी. म्हणून सोबत छोट्या डबीत मोड आलेले, उकडलेले मूग किंवा अळसांद्याचे सुके टोणाक (चवळीची उसळ) न्या. 30 ग्रॅम कोरड्या मुगातून सुमारे 7 ग्रॅम प्रथिने मिळतात, उकडलेल्या अंड्यातून 6. लोणचे बोटाच्या टोकाएवढेच. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत मोड आणताना कापड चिकट झाले किंवा आंबूस वास आला तर ते मूग सरळ टाकून द्या. मोड कच्चे खाऊ नका, पावसाळ्यात तर नकोच.

हॉस्टेलवर गॅस नसेल तर मेसच्या आचाऱ्याला विचारा. सकाळी उकड्याचा भात शिजत असला तर वरची पेज तो आनंदाने देतो, बहुतेक ठिकाणी ती मोरीतच जाते. तेही जमत नसेल तर पोदेराची (पाववाल्याची) पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, आणि उकडलेले अंडे. पोई मात्र तोडून बघा. आतून तपकिरी आणि भरड असेल तर कोंड्याच्या पिठाची. आत पांढरीशुभ्र आणि स्पंजासारखी असेल तर तो मैद्याचा पावच, वरून कोंडा भुरभुरलेला.

ताट

अडीचला हॉस्टेलवर परतल्यावर ताटात आधी भाजी आणि मासळी वाढून घ्या, भात शेवटी. मेसच्या पळीने भात घेतला तर सहज तीन वाट्या होतो, म्हणजे जवळपास 450 कॅलरी. दोन वाट्यांवर थांबा. बांगडा, तारली, तिसऱ्या हे प्रथिनांचे स्वस्त आणि चांगले स्रोत आहेत. रव्यात घोळून तळलेला तुकडा आठवड्यातून एकदा, एरवी हुमणातला. पण हुमणातले खोबरेही चरबीच, तेव्हा माशाचे तुकडे दोन घ्या, रस्सा मात्र भातावर ओतून भिजवू नका. शाकाहारी असाल तर डाळ, मूग, चणे आणि दही यांतले दोन पदार्थ रोज हवेत. प्रौढ माणसाला किलोमागे सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, 50 किलो वजनाला दिवसाला 41-42 ग्रॅम. निव्वळ डाळ-भातावर ही भरती होत नाही.

तांबडी भाजी (लाल माठ) रोज मिळाली तरी कंटाळू नका. जेवणात लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा, नाहीतर भाजीतले लोह चहाच अडवतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. वॉर्डात स्वच्छतागृह दूर असते म्हणून पुष्कळ मुली ड्युटीभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा संसर्ग होतो आणि तहानेला भूक समजून बिस्किटे खाल्ली जातात. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या एका ड्युटीत संपवा. गोड सरबतापेक्षा मिठाचा लिंबू-सोडा, सोलकढीपेक्षा बिनखोबऱ्याची कोकमाची फुटी कढी.

कम्युनिटी पोस्टिंगला वेगळीच पंचाईत होते. घरोघरी भेटी देताना पहिल्या घरात चहा-बिस्किटे येतात, दुसऱ्यातही, पाचव्या घरातली आजी तर ‘नाही’ ऐकूनच घेत नाही. आपल्याकडे पाहुण्याने काहीच न घेणे बरे दिसत नाही. पहिल्याच घरी बाटली दाखवून ‘आजी, पाणी द्या, उन्हातून आले’ म्हणा. पाणी घेतले की मान राखला जातो. चहा एकाच घरी, अर्धा कप.

ओटी (ऑपरेशन थिएटर) पोस्टिंगच्या सकाळी उपाशी जाऊ नका. पहिली शस्त्रक्रिया बघताना चक्कर येते ती केवळ रक्त पाहून नाही. रिकामे पोट, मास्क, तासभर एका जागी उभे राहणे, त्यामुळे रक्त पायात साचते. तासभर आधी काहीतरी खा. उभ्या उभ्या पोटऱ्या आवळत राहा, टाचा वर-खाली करा. डोळ्यांसमोर काळोखी आली तर भिंतीला टेकून खाली बसा, आणि पडायचेच झाले तर स्टराइल (निर्जंतुक उपकरणांच्या) ट्रॉलीवर पडू नका. यावर सिस्टर हसतात, पण सांगायला विसरत नाहीत.

नाईट

वजनाची खरी लढाई रात्रपाळीत असते. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही. तेच जेवण दुपारी घेतले तर रक्तातली साखर जेवढी चढते त्याहून रात्री जास्त चढते. शिवाय झोप कमी पडली की भूक वाढवणारे घ्रेलिन हे हार्मोन वाढते आणि तृप्ती सांगणारे लेप्टिन घटते.

मुख्य जेवण ड्युटीला निघण्यापूर्वी, साडेसातच्या आत. बाराच्या सुमारास एक हलका डबा, 250 ते 300 कॅलरीचा: दोन इडल्या आणि वाटीभर उसळ, किंवा दही-पोहे आणि एक केळे. शेवटचा चहा दोनच्या आत, कारण कॅफीन निम्मे उतरायलाच सुमारे पाच तास लागतात आणि सकाळी साडेनवाला तुम्हाला झोपायचे आहे.

मग वाजतात तीन. वॉर्ड शांत, मॉनिटरचा टिकटिकाट, नर्सेस स्टेशनच्या खणात कुणाचा तरी फरसाणाचा पुडा. अंगात थंडी भरते आणि काहीतरी चावत राहावेसे वाटते. ही भूक नव्हे. पहाटे तीन ते पाच शरीराचे तापमान सर्वांत खाली असते, त्याचा हा परिणाम. स्वेटर घाला, कोमट पाणी प्या, उठून प्रत्येक सलाईनचे थेंब मोजा, युरोबॅग (लघवीची पिशवी) बघा. वीस मिनिटांत ओढ ओसरते. नाहीच ओसरली तर मूठभर भाजलेले चणे खा. फरसाणाच्या पुड्यात हात घालायचाच असेल तर वाटीत काढून घ्या, पुड्यातून थेट नको.

सकाळी सुटल्यावर गाड्यावरचा भाजीपाव आणि दोन मिरची भजी खाऊन झोपणे ही नाईटची सर्वांत महागडी सवय. वाटीभर पेज किंवा एक अंडे-पोई खा, खोली काळोखी करा आणि किमान पाच तास सलग झोपा. आणखी दीड तास ड्युटीआधी संध्याकाळी. नाईटनंतर लगेच स्कूटर काढून हायवेला लागू नका. वीस मिनिटे डुलकी घ्या किंवा कदंबाची (सरकारी) बस पकडा.

व्यायाम आणि काटा

फोन आठ हजार पावले दाखवतो म्हणून व्यायाम झाला असे नाही. वॉर्डातले चालणे थांबत थांबत होते, नाडी वाढत नाही. आठवड्याला 150 मिनिटे दम लागेल असे चालायचे आहे. पावसात बाहेर निघता येत नसेल तर हॉस्टेलचे जिने दहा-दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. एक दिवसाआड उठाबशा 12 च्या तीन फेऱ्या, भिंतीला हात टेकून दंड आणि 20 सेकंद प्लँक. मांड्या आणि पोट बळकट असले की पेशंट सरकवताना कंबर वाचते. तरीही पलंग आपल्या कमरेच्या उंचीला घ्या, ड्रॉ-शीट (पेशंटखालची आडवी चादर) वापरा आणि जोडीदाराशिवाय पेशंट उचलू नका.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, काही न खाता. पाळीआधी किलो-दीड किलो पाणीच साठते, म्हणून एका आकड्यावरून घाबरू नका, चार आठवडे शेजारी लिहून बघा. आशियाई माणसांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 23 च्या पुढे जादा वजन धरतात. उंची 155 सेमी असेल तर ही रेघ सुमारे 55 किलोवर येते. मुलींची कंबर 80 सेमी आणि मुलांची 90 सेमीच्या आत हवी.

खाणे बदललेले नसताना महिन्याला दोन-तीन किलो वाढत असतील, पाळी 35 दिवसांच्या पुढे जात असेल किंवा सारखा थकवा असेल तर जेवण आणखी कमी करू नका. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. मुलींचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो अॅनिमिया, आणि त्या थकव्यावर साखरेचा चहा पिऊन ड्युटी ढकलणाऱ्या मुली प्रत्येक बॅचमध्ये असतात.