आयरिश संगीताच्या उमेदवारीसाठी अनुदान: अर्जात धुनांची यादी देऊ नका

सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या बैठकीत बसून रील-जिग या आयरिश नाचाच्या धुना धरता येतात, कानाने धून उचलता येते, आणि आता एखाद्या जाणत्या वादकापाशी वर्षभर नीट तालीम घ्यायची आहे (हीच उमेदवारी, इंग्रजीत अप्रेंटिसशिप), अशांसाठी हे लिहितो आहे. जिग कशाला म्हणतात वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. अडतं ते पैशांपाशी. गुरूच्या वेळेचे पैसे कोण देणार, आणि देणाऱ्याला नेमकं काय पटवावं लागतं?

अमेरिकेत हा पैसा मुख्यतः राज्यांच्या कला मंडळांकडून येतो. नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या केंद्र सरकारच्या कला-अनुदान संस्थेच्या कार्यक्रम-निधीतला ४० टक्के वाटा राज्य आणि प्रादेशिक कला संस्थांकडे जातो, त्यात राज्य आपली भर घालतं, आणि त्यातून अनेक राज्यांत पारंपरिक कलांसाठी ‘अप्रेंटिसशिप’ योजना चालतात. मेरीलँड हे त्यांतलं एक. व्हरमाँटमध्ये व्हरमाँट फोकलाइफ ही संस्था १९९२पासून हे काम करते, कॅलिफोर्नियात अलायन्स फॉर कॅलिफोर्निया ट्रॅडिशनल आर्ट्स. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, इलन पाइप्स ही आयरिश बॅगपाइप, शान-नोस हे साथीविना पारंपरिक गायन, सगळं यात बसतं. याच योजनांमधून भारतीय शास्त्रीय संगीत-नृत्याच्या गुरू-शिष्यांनाही पैसे मिळत आले आहेत, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांतल्या मुलांना, मग ती तबला शिकत असोत की फिडल, फॉर्म साधारण सारखाच भरावा लागतो. रक्कम, वयाची अट आणि मुदत मात्र राज्याराज्यांत वेगळी, आणि दरवर्षी अंदाजपत्रकानुसार बदलते. मागच्या वर्षीचा नियम धरून बसू नका.

आयर्लंडमध्ये घडी वेगळी आहे. तिथलं आर्ट्स काउन्सिल १९५१चं. २००३च्या कायद्याने कलेच्या व्याख्येतच पारंपरिक अभिव्यक्तीचा उल्लेख आला. तिथे ‘ट्रॅडिशनल आर्ट्स बर्सरी’ नावाचं अनुदान मिळतं ते एकट्या कलाकाराला. ती व्यावसायिक कलाकारासाठी आहे, आणि ज्येष्ठ वादकापाशी बसून काम करण्याचा वेळ तिच्यातून मागता येतो. ध्वनिमुद्रण, प्रकाशन किंवा प्रकल्पांसाठीच्या योजनांत तालमीचे पैसे मागायला जाऊ नका. विद्यापीठातल्या पदवीची फी बर्सरीतून निघेल अशीही आशा नको. अर्जाआधी ऑनलाइन नोंदणी करून कलाकार क्रमांक घ्यावा लागतो आणि तो त्याच दिवशी हातात पडत नाही. शेवटच्या आठवड्यात जागे होणारे इथेच बाद होतात. उत्तर आयर्लंडचं आर्ट्स काउन्सिल वेगळं, तिथे वैयक्तिक कलाकारांसाठी ‘साइआप’ नावाने योजना आहेत.

वाद्य घ्यायचे पैसे हा निराळा विषय आहे. तो उमेदवारीच्या अर्जात मिसळू नका, बहुतेक ठिकाणी ती रक्कम सरळ कापली जाते. आयर्लंडमध्ये वाद्यखरेदीसाठी म्युझिक नेटवर्कची म्युझिक कॅपिटल स्कीम आहे. पाइप्ससाठी १९६८ साली स्थापन झालेली ना पीबरी इलन ही संस्था शिकणाऱ्यांना वाद्य उसनं देते. चांगल्या कारागिराकडे पाइप्सच्या सेटसाठी वर्षानुवर्षांची रांग असते, म्हणून आधी उसनं वाद्य मिळवा आणि मग उमेदवारीचा अर्ज करा. वाद्य हातात नसताना केलेला अर्ज कोणी गंभीरपणे घेत नाही.

आता मुख्य गोष्ट. अर्जात ‘शिक्षणाचा आराखडा’ नावाचा रकाना असतो, आणि चांगल्या वाजवणाऱ्यांचे अर्ज पडतात ते तिथे. पडलेल्या अर्जात साधारण असं वाक्य असतं: “या वर्षात विद्यार्थी ४० नवीन धुना शिकेल, १५ रील, १५ जिग, ५ हॉर्नपाइप, ५ पोल्का.” लिहिणाऱ्याला वाटतं, आकडा दिला म्हणजे मेहनत दिसली. अर्ज निवडणाऱ्या समितीत लोककलेचे अभ्यासक आणि स्वतः परंपरेत वाजवणारी माणसं बसलेली असतात. नेहमीची धून म्हणजे आठ मात्राखंडांचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, एकूण ३२. कान तयार असलेला विद्यार्थी ती रेकॉर्डिंगवरून एका संध्याकाळी उचलतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मग पहिला प्रश्न हाच येतो की यासाठी या गुरूची गरज काय? या प्रश्नाला अर्जात उत्तर नसेल तर बाकीची दहा पानं कितीही सुबक असोत, उपयोग नाही.

हे पुन्हा सांगतो, कारण वाचून मान डोलावणारेही शेवटी यादीच लिहितात. पैसे धुनांसाठी मिळत नाहीत. समोरासमोर बसल्याशिवाय जे हातात येत नाही, त्यासाठी मिळतात. आपल्याकडे बंदिश पुस्तकात मिळते पण घराण्याची गायकी मिळत नाही, तसंच इथे आहे. आयर्लंडमध्येच स्लायगो परगण्याचा बाज वेगळा, डोनेगलचा वेगळा, पूर्व क्लेअरची संथ लय वेगळी. गुरू कोणत्या बाजाचा, तो त्याच्यापर्यंत कोणाकडून आला, आणि त्यातली कोणती गोष्ट विद्यार्थ्याच्या हाताला अजून लागलेली नाही, या तीन गोष्टी आराखड्याच्या पहिल्या परिच्छेदात आल्याच पाहिजेत.

उदाहरणच घ्या. विद्यार्थी फिडलवर पोल्का वाजवतो, सूर बरोबर, वेग बरोबर. पण श्लीव लूखराचा, म्हणजे कॉर्क आणि केरीच्या सीमेवरच्या मुलखाचा पोल्का त्याच्या हातून येत नाही, कारण त्या २/४च्या तालात बोचा, म्हणजे गजाचा जोर ऑफबीटवर, दोन ठोक्यांच्या मधल्या जागी, पडावा लागतो आणि याचा बो दर बीटला सारखाच दाबतो. गुरूची परंपरा पोरिक ओ’कीफ (१८८७–१९६३) या फिरत्या शिक्षकापर्यंत, त्याचे शिष्य डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड यांच्यामार्फत, पोचते. तर लिहायचं असं: “पहिले तीन महिने फक्त पोल्का आणि १२/८च्या तालातल्या ‘स्लाइड’ धुना. धुना सहाच, पण प्रत्येक दोन-तीन प्रकारच्या बोइंगने. महिन्यातून एकदा नाचणाऱ्यांसाठी वाजवणं, कारण ऑफबीटचा जोर बरोबर पडला की नाही हे पावलांवरून कळतं.” यात धुना सहाच आहेत, आणि तरी समितीला दिसतं की इथे काहीतरी हस्तांतरित होणार आहे.

पाइप्सचा अर्ज असेल तर रीडचं, म्हणजे सूर काढणाऱ्या वेताच्या पातीचं काम आराखड्यात नसणं हे मोठं न्यून आहे. इलन पाइप्समध्ये हवा फुंकर मारून भरत नाहीत, कोपराखालच्या भात्याने भरतात. त्यामुळे श्वासातला ओलावा रीडला मिळत नाही, आणि बॉस्टन-शिकागोच्या हिवाळ्यात हीटिंगने कोरड्या पडलेल्या खोलीत रीड बिघडते, सूर हलतो. आरुंडो डोनॅक्स या वेताच्या दोन पातळ पट्ट्या धातूच्या नळीवर दोऱ्याने बांधायच्या, तोंड किती उघडं ठेवायचं ते ब्रायडल, म्हणजे रीडभोवतीची पट्टी सरकवून ठरवायचं, ही कला हाताखाली राहूनच येते. वर्षातले आठ-दहा तास त्यासाठी राखून ठेवा आणि ते अर्जात लिहा. पुढच्या महिन्यांत चॅन्टर, म्हणजे धून वाजवायची नळी, गुडघ्यावर टेकवून स्वर तोडणं, खालच्या डी स्वरावरचा क्रॅन हा बोटांचा अलंकार, मग ड्रोन, म्हणजे सतत वाजणारे आधारस्वर, चालू ठेवून भात्याचा दाब सांभाळणं, असा क्रम लावता येतो. रेग्युलेटर, म्हणजे मनगटाने वाजवायच्या साथीच्या नळ्या, पहिल्याच वर्षी आराखड्यात घालणं हा हव्यास आहे, जाणकार वाचणारा तिथेच शंका घेतो.

खर्चाचा तक्ता याच आराखड्यातून निघाला पाहिजे. समजा मर्यादा ४,००० डॉलर आहे. ३० आठवडे, दर आठवड्याला २ तास, म्हणजे ६० तास, तासाला ५० डॉलरने गुरूचे ३,०००. प्रवास ३० फेऱ्या, फेरीला ४० मैल, मैलाला अर्धा डॉलर, म्हणजे ६००. रीडचा वेत, तारा वगैरे १५०. शेवटच्या सादरीकरणाची जागा २५०. बेरीज बरोबर ४,०००. आता वरची ४० धुनांची यादी याच्याशेजारी ठेवा. ६० तासांत ४० धुना म्हणजे धुनेला दीड तास. समिती हा हिशेब कागदाच्या कडेला करते, आणि त्यात बाजासाठी वेळच उरलेला नाही हे तिला लगेच दिसतं. गुरूचा दर लाजेपोटी कमी लिहू नका. तासाला १५ डॉलर लिहिलं की अर्ज स्वस्त नाही, कच्चा वाटतो. आणि अमेरिकेत हे मानधन गुरूचं करपात्र उत्पन्न धरलं जातं, ते त्याला आधीच सांगा. मागाहून कळलं तर मन खट्टू होतं.

नमुना रेकॉर्डिंग दोघांचं लागतं, वेगवेगळं. विद्यार्थ्याने सेशनमधलं रेकॉर्डिंग देऊ नये, आठ वाद्यांत त्याचा हात ऐकू येत नाही. गिटारची साथ नको, एको नको, तुकडे जोडणं तर अजिबात नको. फोन दीड-दोन मीटरवर ठेवा, एक रील आणि एक संथ एअर (नाचाची नसलेली धून) सलग वाजवा, आणि धून कोणाकडून शिकलात ते लिहा. रोल कच्चा आहे? राहू द्या. लांब रोल म्हणजे तीन आठव्यांच्या जागेत मूळ स्वर, वरून कट (क्षणभर वरचा स्वर), मूळ स्वर, खालून टॅप (क्षणभर खालचा स्वर), मूळ स्वर. तो तुमच्या हातून घाईने कोसळत असेल, तर गुरूला काय दुरुस्त करायचंय याचा तोच पुरावा आहे. नवशिक्याला पैसे मिळत नाहीत आणि तयार झालेल्याला गरज नसते, म्हणून दोष झाकण्यात काही फायदा नाही. इथे घाबरण्याचं कारणच नाही.

गुरू निवडताना नावामागे धावू नका, हे माझं ठाम मत आहे. दौऱ्यांवर असणारा प्रसिद्ध वादक पत्र छान लिहून देतो, पण ३० आठवड्यांतले १२ आठवडे तो सापडत नाही. बहुतेक राज्यांत दोघंही त्याच राज्यात राहणारी लागतात, तेव्हा तासाभराच्या अंतरावरचा कमी गाजलेला माणूस पाहा. उन्हाळी शिबिरं चांगली आहेत. मिलटाउन मॅल्बेचं विली क्लॅन्सी शिबिर १९७३पासून भरतं आणि तिथे जरूर जावं, पण आठवडाभराचं शिबिर ही उमेदवारी नव्हे आणि ते आराखड्यात मुख्य घटक म्हणून घालू नये. वेग कमी करणारी अॅपं, नोटेशनचे ढीग, पैसे घेऊन अर्ज लिहून देणारे लोक, यांनी काम झटपट होतं खरं. पण लिहून घेतलेल्या अर्जात गुरूचा आवाज नसतो. गुरूला फोनवर विचारा, “याच्या हातात काय कमी आहे?” तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवा. जुन्या वादकांना फॉर्मचा कंटाळा असतो, टंकलेखन तुम्ही करा, मजकूर त्यांचा असू द्या.

पैसे बहुतेकदा दोन हप्त्यांत येतात, दुसरा अहवालानंतर. करारावर सही होण्याआधी केलेला खर्च साधारणपणे धरला जात नाही, म्हणून पहिली शिकवणी त्या तारखेनंतरच ठेवा. मध्ये कला मंडळाचा अभ्यासक एखादी तालीम पाहायला येऊ शकतो. त्या दिवशी खास कार्यक्रम वाजवून दाखवू नका, जे चालू आहे तेच चालू द्या. दर शिकवणीनंतर तारीख, तास आणि कशावर काम झालं ते दोन ओळींत लिहून ठेवा, आणि महिन्यातून एकदा तीच धून पुन्हा रेकॉर्ड करा. अहवालाला हेच जोडायचं असतं. काही राज्यांत त्याच जोडीला दुसऱ्या वर्षी अर्ज करता येतो, पण नव्या जोड्यांना प्राधान्य मिळतं. तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या महिन्याची ती दोन रेकॉर्डिंगं शेजारी ठेवून अजून काय राहिलं ते दाखवा, आणि दुसऱ्या वर्षाचा आराखडा तिथून सुरू करा.