फोटो बिघडला, पण नेमका कुठे? या चुका टाळा

"माझ्या फोनचा कॅमेरा गेलाय बहुतेक. सगळे फोटो धुरकट येतात." असं कुणी म्हटलं की मी आधी सुती रुमाल शोधते. लेन्स पुसते, तोच फोटो पुन्हा काढते. नवीन फोन घ्यायची चर्चा बऱ्याचदा तिथेच संपते. फोन दिवसभर खिशात, पर्समध्ये, हातात असतो. बोटांचं तेल काचेवर बसतं आणि आपण दोष देतो मेगापिक्सेलला.

फोटोंच्या बाबतीत 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' हा प्रकार फार चालतो. हात हलल्यामुळे बिघडलेल्या फोटोवर शार्पनिंगचा, म्हणजे कडा टोकदार करण्याचा, मारा होतो, कमी उजेडाचं खापर कॅमेऱ्यावर फुटतं आणि घाईत चुकलेल्या फोकसवर फिल्टर चढवले जातात. म्हणून वाईट फोटो आला की लगेच डिलीट करू नका. आधी तो मोठा करून बघा. कुठे चुकलं हे तोच सांगतो.

धूसर फोटो पाच तऱ्हांचे

अख्ख्या फोटोवर दुधाळ पडदा असेल आणि दिव्यांतून तिरप्या रेषा निघत असतील, तर लेन्सवर डाग आहे. फोटोतली प्रत्येक गोष्ट एकाच दिशेने फराटल्यासारखी दिसत असेल, दिव्याच्या ठिपक्याची रेघ झाली असेल, तर तुमचा हात हलला. मागची भिंत स्वच्छ आणि माणसाचा हात तेवढा पुसट असेल, तर माणूस हलला. चेहरा मऊ पण कान किंवा मागचं झाड टोकदार दिसत असेल, तर फोकस चुकला. आणि केस, पानं, कापडाची वीण जलरंगात रंगवल्यासारखी लिबलिबीत झाली असेल, तर उजेड अपुरा होता. फोनने प्रकाशकणांचा खरखरीतपणा, म्हणजे नॉइज, पुसायच्या नादात बारकावेही पुसून टाकले.

या पाचांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्यावरचा सांगून झाला.

हात हलण्यावर कॅमेरावाल्यांचा जुना हिशोब आजही कामाचा आहे: लेन्स जितक्या मिलिमीटरची, शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, सेकंदाच्या तितक्याव्या भागाइतका किंवा त्याहून कमी. ५० मिमी लेन्सला १/५० सेकंद, २०० मिमीला १/२००. कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, एपीएस-सी या लहान आकाराचा असेल तर आकडा दीडपट करा, म्हणजे ५० मिमीला साधारण १/८०. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, असेल तर यापेक्षा मंद शटरही चालतं. इथेच लोक फसतात. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरच्या मुलाला थांबवत नाही. पळणारं मूल गोठवायचं तर १/५०० च्या आसपास जावं लागतं आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, वाढवावी लागते. आयएसओ वाढवायला लोक उगाच घाबरतात. फोटोत थोडी खरखर आली तरी तो बघवतो, हललेल्या फोटोचं मात्र पुढे काहीच करता येत नाही.

फोनच्या नेहमीच्या अ‍ॅपमध्ये शटर स्पीड हातात नसतो, म्हणून उजेड वाढवा. माणसाला खिडकीजवळ न्या, दिवा लावा. नाइट मोड हा हलत्या माणसांसाठी नाहीच. तो सेकंदभर किंवा जास्त वेळ अनेक फ्रेम टिपून त्या एकत्र करतो. इमारतीचा फोटो सुरेख येतो, नाचणाऱ्यांची भुतं होतात. तिथे तो बंद करा.

फोकसच्या चुकीमागे बहुधा एकच सवय असते: कुठे फोकस करायचा हे कॅमेऱ्यावर सोडून देणं. त्याला समोरची फांदीही माणसाइतकीच प्रिय. फोनवर चेहऱ्यावर टॅप करा. कॅमेऱ्यावर एकच फोकस पॉइंट निवडा किंवा डोळ्यांचा माग घेणारा ऑटोफोकस असेल तर तो चालू ठेवा. उलटी चूकही होते. आयफोनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) लॉक होतात. तसाच फोन हातात धरून जागा बदलली आणि लॉक काढायला विसरलात, तर पुढचे फोटो जुन्याच अंतरावर अडकलेले येतात. कॅमेऱ्यावर याची बहीण म्हणजे लेन्सच्या कडेचा एएफ-एमएफ (ऑटो की हाताने फोकस) खटका. बॅगेतून काढताना तो सरकतो आणि आपण "ऑटोफोकस मेला" म्हणून सर्व्हिस सेंटरची चौकशी करू लागतो. माझा अर्धा दिवस त्यात गेलेला आहे, म्हणून सांगते.

३ एक्स दाबलं म्हणजे ३ एक्सच लेन्स लागली असं नाही

फोनवर दोन-तीन कॅमेरे असतात, पण कुठला वापरायचा हे पुष्कळदा फोन ठरवतो. उजेड कमी असेल किंवा वस्तू फार जवळ असेल, तर तुम्ही ३ एक्स किंवा ५ एक्स दाबूनही तो गुपचूप मुख्य कॅमेऱ्यातलंच चित्र कापून मोठं करतो. म्हणूनच दुपारी छान येणारा झूम संध्याकाळी पचपचीत होतो. खात्री करायची सोपी युक्ती आहे: टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या, लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही, तर फोन दुसऱ्याच डोळ्याने बघतोय.

जवळून फोटो घेतानाही हेच होतं. मोठ्या सेन्सरच्या फोनचा मुख्य कॅमेरा फार जवळच्या वस्तूवर फोकस करू शकत नाही. मग बरेच फोन अल्ट्रावाइड (सगळ्यात रुंद दृश्य टिपणाऱ्या) कॅमेऱ्यावर उडी मारून त्याला मॅक्रो म्हणतात. फूल किंवा किडा उन्हात टिपताना ते ठीक. घरातल्या दिव्याखाली कागदपत्राचा फोटो काढताना मात्र तो छोटा सेन्सर दम तोडतो. एक हात मागे सरका आणि २ एक्स वापरा. अक्षरं सरळही येतील आणि फोनची सावलीही पडणार नाही.

या २ एक्सबद्दल एक खुलासा. डिजिटल झूम म्हणजे कापून मोठं करणं, हे खरं. पण ४८ किंवा ५० मेगापिक्सेल सेन्सरच्या मधला भाग कापला तरी १२ मेगापिक्सेल हातात राहतात, म्हणून तिथवर फारसं नुकसान नाही. त्यापुढे मात्र पाय हलवा. याच सेन्सरवर शेजारचे चार पिक्सेल मिळून एक होतो, त्यामुळे साधा फोटो बहुधा १२ मेगापिक्सेलचा येतो. सेटिंगमध्ये जाऊन हट्टाने पूर्ण ५० चालू करणारे घरातल्या उजेडात जास्त नॉइज आणि जड फाइल घेऊन परततात.

कॅमेऱ्याला सगळं करडं हवं असतं

उजेड मोजताना कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी करडं आहे असं धरून चालतो. त्यामुळे बर्फ मळकट येतो, काळा कुत्रा राखाडी होतो, पांढऱ्या भिंतीपुढचा माणूस काळवंडतो. कॅमेरा बिघडलेला नसतो, त्याचा अंदाज चुकलेला असतो. पांढऱ्या दृश्याला एक्स्पोजर +१ च्या आसपास वाढवा, काळ्याला कमी करा. पांढऱ्याला वाढवायचं हे उलटं वाटतं, पण करून बघा. फोनवर टॅप केल्यावर जो सूर्याच्या खुणेचा दांडा येतो, तो याचसाठी आहे.

ढग किंवा कपाळ पूर्ण पांढरं पडलं, तर तिथे काही नोंदच उरत नाही आणि कुठलंच सॉफ्टवेअर ते परत आणत नाही. सावल्या थोड्या उचलता येतात. म्हणून शंका असेल तर किंचित कमी एक्स्पोजर द्या. किंचितच! जेपेग फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या १४ बिट रॉ फाइलमध्ये १६,३८४. अंधारा जेपेग ओढून उजळला की सावल्यांत जांभळे-हिरवे डाग उठतात ते यामुळेच. अवघड प्रकाशात रॉ काढा, पण रोजच्या फोटोंसाठी त्याचा आग्रह धरू नका. रॉ फाइल कच्ची असते, तिच्यावर काम केलं नाही तर ती जेपेगपेक्षा फिकीच दिसते.

फ्लॅशबद्दल थोडक्यात: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. सभागृहाच्या मागच्या रांगेतून फोनचा फ्लॅश स्टेजपर्यंत पोचत नाही, पुढच्यांची डोकी तेवढी उजळतात. बंद करा.

कृत्रिम उजेडात फोटोवर आडवे काळपट पट्टे येत असतील, तर दिवा लुकलुकतो आहे. वीज ५० हर्ट्झची असेल तर असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, म्हणून शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. ६० हर्ट्झच्या देशांत १/१२० किंवा १/६०. कॅमेऱ्यात सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर चालू असेल तर ते बंद करून मेकॅनिकल वापरा, पट्टे बहुतेक जातात.

रंग विचित्र आले तर आधी खोलीत बघा. खिडकीतून निळसर उजेड आणि वरून पिवळा बल्ब असेल, तर अर्धा चेहरा निळा, अर्धा पिवळा. व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे रंगांचा निळा-पिवळा तोल साधणारा, स्लायडर एकावेळी एकच बाजू सुधारतो. त्यापेक्षा बल्ब बंद करा.

आणि "माझं नाक एवढं मोठं आहे का?" नाही. हातभर अंतरावरून नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा खूपच जवळ असतं. दोन मीटर मागे जाऊन २ एक्स किंवा ३ एक्स लावा, चेहरा ओळखीचा होईल. ग्रुप फोटोत ०.५ एक्स वापरलं की कडेची माणसं रुंद होतात आणि नेमकी तीच नंतर नाराज असतात.

एडिटिंग: अति तेथे माती

रात्री अंथरुणात पडून, ब्राइटनेस कमी ठेवून फोटो एडिट करणं ही माझी जुनी खोड. एकदा अख्ख्या सहलीचे फोटो असे उरकले. स्क्रीनवर डोळ्यांना आराम देणारा पिवळा फिल्टर चालू होता. पिवळेपणा फोटोत आहे असं समजून मी निळा वाढवत गेले, स्क्रीन मंद म्हणून उजेडही वाढवला. सकाळी सगळी मंडळी फिकट निळी, आजारी दिसत होती. रंगांना हात लावण्याआधी तो फिल्टर बंद करा, ब्राइटनेस मध्यम ठेवा.

आधी क्षितिज सरळ करा, नको ते कापा. मग व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, आणि फोनच्या जेपेगला बहुधा नकोच, कारण फोनने ते आधीच भरपूर केलेलं असतं. सॅच्युरेशन सगळेच रंग सारखे भडकवतं, त्यामुळे त्वचा नारिंगी होते. व्हायब्रन्स आधीच गडद असलेले रंग सांभाळून फिके रंग उचलतं, म्हणून माणसांच्या फोटोत तेच वापरा. डोंगर किंवा इमारतीच्या कडेला उजळ वलय दिसू लागलं, तर क्लॅरिटी किंवा एचडीआर (बारकावे आणि उजेड-सावली ओढून दाखवणारे इफेक्ट) जास्त झालं. प्रीसेट (तयार एडिट) आवडला तरी त्याची तीव्रता निम्मी करून बघा. आणि चहा पिऊन या. दहा मिनिटांनी आपणच केलेला भडकपणा आपल्याला खुपतो.

जेपेग पुन्हा पुन्हा उघडून, बदलून, सेव्ह केली की दर खेपेला ती थोडी झिजते. मूळ फाइल तशीच ठेवा. लाइटरूम, डार्कटेबल यांसारखी सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात न लावता फक्त बदलांची नोंद ठेवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत एडिट करायला घेऊ नका. ती वाटेत आक्रसलेली असते. पाठवणाऱ्याला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

कॅमेऱ्याचे रंग कॉम्प्युटरवर छान आणि वेबवर टाकल्यावर मेलेले दिसत असतील, तर एक्स्पोर्ट करताना कलर स्पेस (रंगांची ठरलेली व्याप्ती) अ‍ॅडोबी आरजीबी राहिली का ते तपासा. वेबसाठी एसआरजीबी. आयफोनचा फोटो जुन्या कॉम्प्युटरवर उघडतच नसेल तर तो एचईआयसी फॉरमॅटमध्ये आहे. आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, ही सोय आली. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा, पुढचे फोटो जेपेगमध्ये येतील.

प्रिंट काळपट आली तर छपाईवाल्याशी भांडण्याआधी स्क्रीनचा ब्राइटनेस बघा. स्क्रीन स्वतः उजळते, कागद नाही. पूर्ण उजेडावर ठीक वाटलेला फोटो कागदावर अंधारा होतोच. १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशोबाने साधारण १३ बाय १० इंच निघतो. आणखी एक गोची प्रमाणाची. फोनचा फोटो ४:३, तर ६ बाय ४ इंचाची प्रिंट ३:२. फरक कुठून कापला जातो? आडव्या फोटोत वरून-खालून. म्हणजे उभ्या माणसांच्या डोक्यावरून. तिथे आधीच थोडी जागा सोडा.

चुकून उडालेले फोटो

फोनमध्ये जागा करायला फोटो डिलीट केले आणि क्लाउडवरूनही गेले, ही तक्रार नेहमीची. सिंक (फोन आणि क्लाउड एकसारखे ठेवणं) चालू असेल तर एका ठिकाणी पुसलेलं सगळीकडे पुसलं जातं, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. आयफोनवर 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस, गुगल फोटोजवर बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, तिथे आधी बघा. कॅमेऱ्याच्या कार्डावरचे उडाले असतील तर त्यावर एकही नवीन फोटो काढू नका. डिलीट झालेल्या फाइलची फक्त नोंद जाते, मजकूर बराच काळ तिथेच असतो, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. कार्ड बाहेर काढा, कॉम्प्युटरला लावा आणि फोटोरेकसारखं मोफत सॉफ्टवेअर चालवा. सापडलेल्या फाइल त्याच कार्डावर नको, दुसऱ्या डिस्कवर साठवा.