पाणीकपातीत बाग वाळू नये म्हणून या चुका टाळा

कोल्हापुरात पाणीकपात फक्त उन्हाळ्यात येते असं नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि भर पावसात शहर टँकरची वाट बघत उभं राहिलं. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचलं, तरी कधी गळती, कधी वीज, कधी पंपाची दुरुस्ती, असं काहीतरी निघतं आणि नळ कोरडे पडतात. त्यामुळं बंगल्याची बाग असो की सोसायटीची, पाण्याचं गणित बारा महिने बसवलेलं हवं. कपातीत वाळलेल्या बागा बघितल्या की बहुतेक ठिकाणी एकच दिसतं: थोडंफार पाणी होतं, पण ते मुळांपर्यंत पोचलंच नाही.

पाणी आलं की पाइप घेऊन सगळीकडं शिंपडणं

ही सगळ्यांत मोठी चूक. एक दिवसाआड पाणी येतंय म्हटल्यावर माणूस घाबरतो आणि नळ सुरू असेपर्यंत दिसेल ते भिजवत सुटतो. माती काळीशार ओली दिसते, मनाला बरं वाटतं. पण अर्ध्या तासानं त्याच जागी खुरपं घालून बघा. वरचा बोटभर थर ओला असतो आणि त्याखाली माती भुसभुशीत, कोरडी निघते. तो वरचा थर दुपारच्या उन्हात उडून जातो. रोज असंच वरवर पाणी मिळालं की मुळंही वरच राहतात आणि दोन दिवस पाणी चुकलं की झाड मान टाकतं.

त्यापेक्षा झाडं वाटून घ्या. आज या ओळीला, पुढच्या पाळीला त्या ओळीला, पण ज्याला द्याल त्याला वीतभर खोल भिजेल इतकं द्या. काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर आधी वरची माती हलवून भेगा बुजवा, नाहीतर पाणी त्यातून सरळ खाली निघून जातं. मुरमाड जागेत उलट आहे. तिथं पाणी धरून राहत नाही, म्हणून थोडं थोडं, पण जास्त वेळा द्यावं लागतं. वेळ पहाटेची किंवा सूर्य कलल्यावरची.

मोठ्या झाडाच्या बुंध्यात पाणी ओतण्यातही अर्थ नाही. पाणी ओढणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली, बाहेरच्या बाजूला असतात. आळं तिथं करा. नव्या रोपाचं आळं मात्र जवळच हवं.

दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी घालू नका. सकाळी परत बघा. सकाळीही मलूल असतील तरच झाड तहानलेलं आहे.

लॉनला आणि झाडांना सारखा वाटा

हजार चौरस फुटांच्या लॉनला कडक उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरलं, तर साधारण साडेचारशे लिटर होतात. नव्या रोपाला आठवड्याला वीस लिटर धरले, तर तेवढ्यात वीस-बावीस रोपं आठवडाभर तगतात. हा हिशोब सोसायटीच्या बैठकीत एकदा मांडाच. हरळीचं लॉन पिवळं पडलं तरी मुळाशी जिवंत असतं आणि वळीव पडला की फुटतं. तीन वर्षं वाढवलेला आंबा वाळला तर तो परत येत नाही. म्हणून क्रम असा: आधी लहान झाडं, मग फळझाडं आणि झुडपं, मग कुंड्या आणि हंगामी फुलं, शेवटी लॉन. लॉन कापायचंच असेल तर दोन इंच तरी उंच ठेवा. खत, विशेषतः युरिया, या दिवसांत पूर्ण बंद. नवी लागवड जूनच्या पावसावर सोडा.

ड्रिप आहे, पण पाणी टपकत नाही

कपात सुरू झाली की बरेच जण ड्रमला ड्रिप, म्हणजे ठिबक, जोडतात आणि मग शेवटची झाडं कोरडीच राहतात. कारण दाबाचं आहे. पाणी एक मीटर उंचीवर असेल तर जेमतेम 0.1 बार दाब मिळतो. बाजारातले बहुतेक ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोट्या, एक बारच्या आसपास नीट चालतात. दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी सात-आठ मीटरवर असते, तिथून काम भागतं. स्टुलावरच्या ड्रमवरून भागत नाही. ड्रमच वापरायचा असेल तर ड्रिपर काढून मायक्रोट्यूब (बारीक नळ्या) लावा आणि लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतला पाइप, आखूड ठेवा.

काही झाडं ओली आणि काही कोरडी असतील तर कचरा अडकलेला आहे. पाणी बंद होऊन परत सुरू होताना पाइपमधला गाळ सुटतो, म्हणून कपातीत हे जास्त होतं. आधी फिल्टरची जाळी काढून ब्रशनं धुवा. मग लॅटरलच्या टोकाची एंड कॅप उघडून पाणी सोडा. सुरुवातीला तांबूस, शेवाळी पाणी येतं. नितळ यायला लागलं की टोपी लावा. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर जमतो. तो ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला की बराच सुटतो.

टायमर असेल तर तो कपातीच्या वेळापत्रकाप्रमाणं बदला. जुन्याच वेळेवर ठेवलात तर रिकाम्या टाकीवर मोटर कोरडी फिरते आणि जळते. वळवाचा पाऊस झाल्यावरही तो ठरल्या वेळी पाणी सोडत बसतो.

नळाला थेट मोटर

हे करूच नका. बेकायदेशीर तर आहेच, शिवाय शेजारच्या घरात प्यायला थेंब येत नाही. गळक्या पाइपमधून गटारीचं पाणीही ओढलं जातं. बागेसाठी दुसऱ्याचं पिण्याचं पाणी ओढणं मला कुठल्याच हिशोबानं पटत नाही.

धुण्याचं सगळं पाणी झाडांना

साबणाच्या पहिल्या पाण्यात सोडियम फार असतं, काळी माती त्यानं दगडासारखी घट्ट होते. शेवटचं, कपडे खळबळलेलं पाणी चालतं. तेही एक दिवसाच्या वर साठवू नका, पालेभाजीवर घालू नका आणि ड्रिपमध्ये तर मुळीच नको. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार असतात, त्यानं फरशी पुसा. पानांच्या कडा तपकिरी जळायला लागल्या तर आधी या दोन पाण्यांवर संशय घ्या.

माती उघडी ठेवणं

आपल्याकडं उसाचं पाचट पेटवून देतात आणि शहरात बागा उघड्यावर वाळतात, याचं फार वाईट वाटतं. जवळच्या गावातून पाचट मागवा आणि आळ्यात दोन-तीन इंच पसरा. पाणी देण्याची एखादी पाळी सहज वाचते. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी चढते.

पुराच्या कपातीत उन्हाळ्याचे नियम

पावसात बागेला पाणी नको असतं, तेव्हा साठवलेलं सगळं घरात वापरा. आळी फोडून पाण्याला वाट करून द्या. ड्रिपचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. पूर ओसरल्यावर पहिले काही दिवस नळाला गढूळ पाणी येतं. ते ड्रिपच्या टाकीत घेऊ नका. आधी टाकीच्या तळाचा गाळ काढा, फिल्टर धुवा, मगच लाइन सुरू करा.